देणगीदार क्रमांक एकशे तेरा

प्राध्यापिकेने पट्टी त्या ओळीखाली घट्ट धरली आणि नाव पुन्हा वाचलं. नाव वडिलांचं होतं. पत्ता घरचा. तारीख चौदा. पुढे रक्कम, कायद्याने एका माणसाला उमेदवाराला देता येते तेवढी, नेमकी.

"मॅडम, हेही संशयितांत टाकू?" समोरच्या संशोधक विद्यार्थिनीने विचारलं. मॅडमचं माहेरचं आडनाव तिला ठाऊक नव्हतं.

"टाक."

कायद्याच्या महाविद्यालयात शिकवता शिकवता दोन वर्षं ती हेच काम करत होती. निवडणुकीतल्या देणग्यांच्या याद्या मिळवायच्या आणि त्यांतले उसने देणगीदार हुडकायचे. पैसा एकाचा, नाव भलत्याचंच. असे एकशे बारा सापडले होते. तिने पट्टी खालच्या ओळीवर सरकवली. तिला धक्का बसायला हवा होता, पण बसला नाही. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून सगळं असंच, काचेपलीकडून पाहिल्यासारखं.

दुपारी ती धाकट्या भावाच्या ऑफिसात गेली. तो रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. ताईला दारात पाहून त्याने फोन आटोपता घेतला.

"बाबांचं नाव तू दिलंस?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"निवडून येणाऱ्याला खूश ठेवावं लागतं, ताई. माझ्या नावावर दिले, हिच्या नावावर दिले, सासऱ्यांच्याही. बाबांचं तेवढं उरलं होतं."

"चौदा तारखेला ते अतिदक्षता विभागात होते."

"माहीत आहे. बाहेरच्या बाकावरूनच फोन केला होता मी." तो टेबलावरचे कागद उगाचच सारखे करत राहिला. "छापणार आहेस?"

"अर्धी यादी छापता येत नाही."

"मग छाप. फक्त आईच्या कानावर तू घाल. मला नाही जमायचं."

संध्याकाळी आई गॅलरीतले वाळलेले कपडे आत आणत होती. कसं सांगावं ते प्राध्यापिकेला सुचेना, म्हणून तिने पर्समधून टाइप केलेलं टिपणच काढलं आणि वर्गात वाचावं तसं वाचलं.

"'देणगीदार क्रमांक एकशे तेरा हे प्रस्तुत लेखिकेचे वडील. देणगीच्या दिवशी ते दिवसभर बेशुद्ध होते. त्यांचं नाव त्यांच्या मुलाने वापरलं.'"

आई चादरीची टोकं जुळवत होती. ती जुळवून झाल्यावर तिने विचारलं,

"आत टाकतील का गं त्याला?"

"बहुतेक दंडावर भागेल. पण सरकारी कामं बंद होतील."

"हं." आईने चादर पलंगावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला. "पण ते बेशुद्ध नव्हते."

"आई, दवाखान्याचे कागद आहेत माझ्याकडे."

"असतील. चौदाला दुपारी मी आत गेले तेव्हा डोळे उघडले त्यांनी. चांगली दहा मिनिटं बोलले. नर्स जेवायला गेली होती, तिने कुठलं लिहायला? आणि तू परिषदेला होतीस."

प्राध्यापिका टिपणाकडे बघत राहिली.

"मला कधी बोलली नाहीस."

"सोळाला आलीस. तोवर सगळं आटोपलं होतं. आल्या आल्या तू फाइल मागितलीस, मग डॉक्टरांशी बोलत बसलीस." आईच्या आवाजात तक्रार नव्हती. "म्हटलं, विचारशील तेव्हा सांगेन."

गॅलरीतली दोरी वाऱ्याने हलत होती. प्राध्यापिकेने पेन काढलं आणि 'दिवसभर बेशुद्ध होते' हे शब्द खोडले. वर दुसरे लिहायला गेली, पण पेन तसंच कागदावर टेकून राहिलं.

"काय म्हणाले?"

"किती वाजले, विचारलं. मग म्हणाले, पायांवरचं पांघरूण काढ."

"आणि?"

आईने उशीचा अभ्रा उचलला होता, तो परत ठेवला. प्राध्यापिकेने पलंगावरचे कपडे एका बाजूला सारले आणि आईसाठी जागा केली.

"बस ना," ती म्हणाली. "सगळं सांग."