स्वखुशीचा अर्ज

नगरच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सबिहा ग्राइंडर चालवायची. साच्यातून निघालेल्या पंपाच्या भागांना कडेनं जादा लोखंड राहतं, ते घासून काढायचं काम. हातात जड मशीन, समोर ठिणग्या. त्या खात्यात अकरा बायका होत्या आणि त्यांचा माल क्वचितच परत यायचा.

मार्चमध्ये कंपनीत आरोग्य शिबिर झालं. रक्त तपासलं फक्त बायकांचं. आठ जणींचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं, सबिहाचं सात पॉइंट दोन. जिना चढताना छाती धडधडते, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, हे तिला ठाऊक होतं. सगळ्याच बायकांना होत असेल असं ती धरून चालली होती.

दोन दिवसांनी सुपरवायझर रविराजनं आठही जणींना ऑफिसात बोलावलं. टेबलावर छापील अर्ज होते.

“सह्या करा आणि घरी आराम करा. मशीनवर चक्कर आली तर जबाबदारी कोणाची?”

चांगुणानं सही केली. तिचं बाळ दवाखान्यात होतं, वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिच्यामागून पारनेरकडच्या गोजरबाईनं अंगठा पुढं केला, तसं सबिहानं तिचं मनगट धरलं.

“थांबा मावशी. काय लिहिलंय ते तर ऐका. ‘प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वखुशीने काम सोडत आहे.’”

“आगं, म्या कवा म्हन्ले असं?” गोजरबाईनं हात मागं घेतला.

“कोणाची खुशी, साहेब?” सबिहानं विचारलं.

“डॉक्टरांचा रिपोर्ट आहे.”

“रिपोर्टात रक्त कमी लिहिलंय. कामावरून काढा असं कुठं लिहिलंय ते दाखवा. आणि भट्टीवरच्या गड्यांचं रक्त कुणी तपासलं? तुमचं तपासलं?”

रविराजचा चेहरा लाल झाला. “उद्यापासून गेटच्या आत यायचं नाही.”

त्याच दुपारी सात जणी सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी एकेकीला खोदून विचारलं.

“जेवताना चहा घेता?”

“कँटीनमध्ये तेव्हाच मिळतो.”

“मग अन्नातलं लोह अंगाला कसं लागणार? चहा तासाभरानं घ्या. रोज गोळी, जेवणात लिंबू. तीन महिने जड मशीन नको, बसून काम करा.”

“आणि तीन महिन्यांनी?”

“रक्त भरलं की खुशाल चालवा.”

गोजरबाईला त्यांनी थांबवून घेतलं. चार वर्षं महिन्यातले पंधरा दिवस तिच्या अंगावरून रक्त जात होतं. “वयाचं आसंल म्हनून गप ऱ्हायले,” ती म्हणाली. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली.

दुसऱ्या दिवशी सहा जणी डॉक्टरबाईंच्या चिठ्ठ्या घेऊन गेटसमोर बसल्या. वॉचमननं उठवलं, त्या उठल्या नाहीत. आत उरलेल्या तिघींना काम आवरेना. तिसऱ्या दिवशी माल न्यायला आलेला ट्रक रिकामाच उभा राहिला, तेव्हा मॅनेजर स्वतः बाहेर आले.

“काय पाहिजे तुम्हाला?”

“तीन महिने बसून माल तपासायचं काम. जेवणाची आणि चहाची वेळ वेगळी. मावशींची जागा ऑपरेशन होईपर्यंत राखून ठेवायची. आणि चांगुणाला परत घ्यायचं,” सबिहा म्हणाली.

“तिनं सही केलीय. बाकीचं मान्य.”

सहा जणी आत गेल्या. सबिहाला ते आत जाणं अर्धंच वाटलं.

गोळ्यांनी तिला मळमळायचं, पोट जड व्हायचं. दोनदा तिनं पाकीट फेकून दिलं, दोनदा नवऱ्यानं, परवेझनं, उचलून पुन्हा तिच्या हातात ठेवलं. जूनमध्ये पुन्हा तपासणी झाली, या वेळी सगळ्या कामगारांची. सबिहाचं दहा पॉइंट आठ आलं. डॉक्टरबाईंनी मशीन चालवायची परवानगी दिली.

“बायकांना बारा लागतं. कुठं झालंय अजून?” रविराज म्हणाला.

“होईल. तोवर काम थांबणार नाही,” म्हणत ती मशीनकडं गेली.

गोजरबाईचं ऑपरेशन झालं. दिवाळीनंतर ती हलक्या कामावर आली. चांगुणा अजून बाहेरच आहे. दर सोमवारी सबिहा मॅनेजरच्या दारात उभी राहते आणि चांगुणाचं नाव घेते. ते म्हणतात, “पुन्हा तेच?”

ती म्हणते, “पुन्हा तेच.”