पहिला गिअर आणि चर्चची चढण

ऑरिन प्रूइटला ती गाडी पीचच्या मुरंब्याच्या दोन बरण्यांवर मिळाली. तसे पैसेही दिले त्याने, रीतसर दिले, पण एल्डन लुट्झच्या लेखी त्या पैशांना काही अर्थ नव्हता. अकरा वर्षं दर ऑक्टोबरात एल्डन टोपी हातात धरून फाउट्सबाईंच्या दारात उभा राहायचा, आणि बाई दर ऑक्टोबरात म्हणायच्या, "नाही रे बाबा, माझ्या रॉयची आठवण आहे ती." ती म्हणजे एकोणसत्तर सालची शेव्हेल, गडद हिरवी. इंजिन शाबूत, गिअरबॉक्स गायब, आणि टपावर कोंबड्यांचा मुक्काम. तिच्यासाठी एल्डनने काय काय केलं नाही! बाईंचा पंप दुरुस्त केला, अंगणातला बर्फ उपसला, त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या, रॉयच्या, थडग्यावर फुलंसुद्धा ठेवून आला. आणि हा ऑरिन बायकोने दिलेल्या दोन बरण्या पोचवायला म्हणून गेला, स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायला, आणि गाडी घेऊन आला.

बरं, बाईंच्या कोठारात अशी गाडी आहे हे ऑरिनला सांगितलं कोणी? तर एल्डननेच. हॉटेलात सकाळच्या अंडी-बेकनबरोबर फुशारकी मारताना. त्या आठवणीने त्याच्या अंगाचा आजही तिळपापड व्हायचा.

ऑरिनचं सगळं असंच. धान्याच्या कोठ्यांवर चाळीस वर्षं नोकरी केली, पण कोणाशी वाकडं म्हणून आलं नाही. बायको लोएटा अजून त्याच्या फालतू विनोदांना खळखळून हसते. लेक टेनेसीत असते आणि दर रविवारी फोन करते. एल्डनची बायको बेव्हरली ॲरिझोनात आहे, दुसऱ्याच्या घरात, आणि तिचा फोन येण्याचं काही कारण नाही.

एका बाबतीत मात्र ओहायोच्या त्या टापूत एल्डनच्या तोडीचा कोणी नव्हता. सदतीस वर्षं ट्रकचे गिअरबॉक्स उघडून त्याचे हात काळे झाले होते, आणि निवृत्तीनंतरही जुन्या दांडग्या गाड्या पाळणारी मंडळी त्याला विचारल्याशिवाय मागच्या एक्सलचे दाते मागवत नसत. तो तीन प्रश्न विचारायचा. टायर केवढं? गाडी किती जड? आणि चालवणार कुठे? मग डोळे मिटून आकडा सांगायचा. त्याचं गणित सोपं होतं. पहिल्या गिअरचा आकडा घ्या, मागच्या एक्सलचा आकडा घ्या, दोघांचा गुणाकार नऊ-दहाच्या आसपास आला पाहिजे. अकराच्या वर गेलात तर पहिला गिअर सुरू होतो न होतो तोच संपतो. आठाच्या खाली आलात तर गाडी जागची हलायला रडते, आणि ती रड क्लचच्या नशिबी येते.

ऑरिन अर्थातच त्याच्याकडेच आला. "मास्तर," तो म्हणाला, कारण तो त्याला मास्तरच म्हणायचा, "मला शर्यत लावायची नाही. मला आणि लोएटाला लेकीकडे जायचंय, आठ तासांचा हमरस्ता. इंजिन कोकललं नाही पाहिजे."

"मग मागे तीन पॉइंट शून्य-आठ घाल," एल्डन म्हणाला. "पण रॉयने त्या इंजिनात शर्यतीचा कॅमशाफ्ट घातलाय. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली त्यात जीवच नाही. म्हणजे पहिला गिअर चांगला खोल, मोठ्या आकड्याचा पाहिजे. दोन पॉइंट अठ्ठ्याऐंशीवाला बॉक्स शोध. गुणाकार नऊला टेकेल."

मागचे दाते बसले. गिअरबॉक्स शोधायला ऑरिन निघणार तोच जानेवारीत त्याला अर्धांगवायूचा झटका आला, डाव्या अंगाला. तोंड सरळ झालं, हात हलू लागला, पण डावा पाय मार्चमध्येही काठीच्या आधारानेच चालत होता. आणि क्लच दाबतो तो डावाच पाय.

डॉक्टर म्हणाले, चालवायला हरकत नाही. ऑरिनला मात्र खात्री नव्हती. तरी त्याने जुन्या सामानाच्या बाजारातून बॉक्स आणवला, विकणाऱ्याने "दोन-अठ्ठ्याऐंशीच, डोळे झाकून घ्या" असं सांगितलेला, आणि तपासायला एल्डनच्या टेबलावर ठेवला.

तपासणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूची रेघ ओढायची, पहिला गिअर टाकायचा, आणि मागच्या शाफ्टचा एक फेरा पुरा होईपर्यंत पुढचा फिरवत मोजायचं. बॉक्स हवा तो असेल तर जवळजवळ तीन फेरे भरायला हवेत.

दोन फेरे झाले, वर जेमतेम एक पंचमांश, आणि मागची रेघ जागेवर आली.

एल्डनने पुन्हा मोजलं. दोन-वीस. हा शर्यतीचा बॉक्स होता, जवळजवळच्या गिअरांचा. गुणाकार पावणेसात. अशी गाडी चढावर उभी राहिली तर धडधाकट माणसाचाही घाम काढील.

तो मान वर करणार तोच लोएटा सँडविचचं ताट घेऊन आत आली. ऑरिन खुर्चीत बसून काठीने जमिनीवर ताल धरत होता. "लोएटा, टेनेसीत पोचल्यावर मास्तरांना पत्र टाकायचं हं, की तुमच्या कृपेने दोन म्हातारे पळून आले." आणि ती हसली, जाता जाता तिने त्याच्या विरळ केसांवरून हात फिरवला. एवढंच. पण एल्डन जळफळला तो गाडीसाठी की त्या हातासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं. याला सगळंच कसं मिळतं? मागितलं की मिळतं, न मागताही मिळतं. एकदा तरी अडू दे की याचं!

"काय मास्तर, बरोबर आहे ना?"

"ठीक आहे," एल्डन म्हणाला. "बसवून टाकू."

त्याने स्वतःच बसवला. मनाशी म्हणाला, दोन आठवडे धक्के खाऊ दे, मग सांगू. पायाचा विचार त्याच्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता, आणि त्याने तो झटकून टाकला होता.

मे महिन्यात गाडी रस्त्यावर आली. सपाटीवर जेमतेम निघायची, पण गावात सपाटी कमी. चर्चच्या चढणीवर मध्येच 'थांबा' अशी पाटी आहे, तिथे ऑरिनची गाडी दर रविवारी बंद पडू लागली. एकदा बंद, दोनदा बंद, मागे गाड्यांची रांग. मग लोक हात हलवून "सावकाश, सावकाश" म्हणायचे, आणि ते सावकाश ऑरिनला फार लागायचं.

एल्डनला वाटलं होतं, तो तक्रार घेऊन येईल. बॉक्स पुन्हा बघ म्हणेल. तेव्हा सांगू. पण ऑरिन गाडीबद्दल चकार शब्द बोलला नाही. हॉटेलात कॉफीच्या कपात बघत म्हणाला, "पाय गेला रे माझा. डॉक्टर उगाच धीर देतो. लोएटाला अजून बोललो नाही."

सांगायची वेळ हीच होती. एल्डनने आणखी एक कॉफी मागवली.

जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी ऑरिनने त्याला घरी बोलावलं. एल्डन आपली पिकअप त्यांच्या अंगणात लावून उतरला तर दोघं नवराबायको शेव्हेलपाशी उभी. लोएटाचे डोळे लाल होते.

"एक काम कर," ऑरिन म्हणाला. "तू चालव. मी शेजारी बसतो. चर्चच्या चढणीवर ने, पाटीपाशी थांबव आणि उचल. तुझ्या हातून नीट उचलली, तर गाडीत दोष नाही, माझ्यात आहे. मग मी चालवणं बंद करतो. ही पण नाही आणि घरची पण नाही. आणि ही तुला देतो. तू अकरा वर्षं थांबलास हिच्यासाठी. मला काय माहीत नाही?"

"ऑरिन, असलं काही बोलू नकोस," लोएटा म्हणाली. "एल्डन, तू तरी सांग ना याला!"

एल्डन दार उघडून स्टिअरिंगमागे बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीचं स्टिअरिंग त्याच्या हातात आलं होतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्याला दुसरं काही सुचलंच नाही. लोएटा आपल्या गाडीतून पुढे गेली आणि चर्चच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

पाटीपाशी तो थांबला. आता फक्त क्लच सोडायचा होता, सगळे सोडतात तसा. गाडी गचके खाऊन बंद पडली असती, आणि त्या एका गचक्याने सगळं सांगून टाकलं असतं. पण एल्डनचा डावा पाय सदतीस वर्षांचा तयार. त्यातून शेजारी बघणारा बसलेला! इंजिन तीन हजारांवर नेऊन त्याने हाफ क्लचवर गाडी अशी उचलली की डॅशबोर्डवर कॉफी ठेवली असती तरी हलली नसती. लोण्यासारखी गेली.

"पुन्हा," ऑरिन म्हणाला.

उतारावर मागे घेऊन त्याने पुन्हा उचलली. तशीच.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदाही तशीच. एल्डनला स्वतःचा राग येत होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत होतं याची त्याला लाज वाटत होती. ऑरिन खिडकीबाहेर बघत बसला होता. 

"संपलं तर," तो हळूच म्हणाला. "घे बाबा. तुझीच होती ती."

आणि मग त्याने नाक वर केलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. जळका, कडवट वास गाडीत भरला होता.

"हा वास मला ठाऊक आहे," ऑरिन म्हणाला. "सुगीत नवे ड्रायव्हर भरलेले ट्रक कोठ्यांच्या चढावावर चढवायचे ना, तेव्हा यायचा. एल्डन, तू क्लच जाळलास."

एल्डनने खिडकीची काच खाली केली.

"तीनदा उचललीस, तिन्हीदा हाफ क्लचवर. गाडी बरोबर असेल तर तुझ्यासारख्याला हे करावं का लागतं?" तो पूर्ण वळून बसला. "बॉक्स तो नाहीये."

"नाही," एल्डन म्हणाला.

"तुला कधी कळलं?"

"टेबलावर. मार्चमध्ये."

एल्डन शिव्यांची वाट पाहत राहिला. शिव्या बऱ्या वाटल्या असत्या. पण ऑरिनने दार उघडलं, रस्त्यावर उतरला, काठी सीटवरच राहिली, आणि डावा पाय उचलून त्याने डांबरावर दाणकन आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. मग चर्चकडे तोंड करून तो ओरडला, "लोएटा! अगं, पाय बरा आहे! माझा पाय बरा आहे गं!"

ती धावत चढण उतरून आली. भर रस्त्यात दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि ती हसत होती की रडत होती हे कळायला मार्ग नव्हता. एल्डन स्टिअरिंगमागे बसून बघत राहिला. आत्तासुद्धा त्याला पश्चात्ताप आधी झाला नाही. आधी हेवाच वाटला. मी याचं वाईट केलं, आणि त्यातूनही यालाच हे मिळालं!

थोड्या वेळाने ऑरिन खिडकीशी आला. डोळे पुसलेले, आवाज अगदी रोजचा.

"उतर. मी चालवतो."

एल्डन उतरला. "ऑरिन, दुसरा बॉक्स मी शोधून देतो. मीच बसवून देतो. क्लचही नवा घालतो."

"नको," ऑरिन म्हणाला. "झेन्सव्हिलला एक माणूस आहे म्हणतात. त्याच्याकडे नेईन."

या वेळी त्याने एल्डनला 'मास्तर' म्हटलं नाही. लोएटा आपली गाडी फाटकाशीच सोडून त्याच्या शेजारी बसली, आणि तिनेही एल्डनकडे पाहिलं नाही. ऑरिनने क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली, आणि आतून दोघांचं हसणं ऐकू आलं. दुसऱ्यांदा पुन्हा बंद पडली, पुन्हा तेच हसणं. तिसऱ्यांदा ती निघाली आणि धक्के खात खात चर्चच्या वळणाआड गेली.

एल्डन पायी चढण उतरू लागला. त्याची पिकअप प्रूइटांच्या अंगणात होती, आणि ती आणायला त्याला त्यांच्याच दारात जावं लागणार होतं.