मेसेज एकच

मागांवर लक्ष ठेवणाऱ्या आमच्या ॲपमध्ये स्क्रीन रंगवणाऱ्या फंक्शननं, म्हणजे कोडच्या त्या तुकड्यानं, फक्त स्क्रीन रंगवावी, एवढंच मी आमचे बॉस शहाजी सर यांना सांगत होते. स्क्रीन काय, फोन आडवा केला तरी पुन्हा रंगवली जाते. कारखान्याच्या मालकाला मेसेज पाठवणं हे वेगळं काम. माग बंद पडेल तेव्हा, एकदाच करायचं. सरांनी ते रंगवण्यातच कोंबलं होतं. "समरा, अक्कल पाजळू नको. चालतंय की." सात रस्ता चौकातल्या आमच्या ऑफिसात सरांच्या 'चालतंय की'पुढे कुणी बोलत नाही.

ॲप अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लागलं. तिथंच माझे अब्बा, खाजाभाई, माग चालवायचे. त्यांच्या मागाचा धागा तुटला, माग थांबला. ते तो जोडत होते तेवढ्या वेळात मुकादम ॲपचा नवा फोन आडवाउभा करून बघत बसला. दर वेळी स्क्रीन नव्यानं रंगली आणि दर वेळी मालकाला मेसेज गेला: खाजाभाई, माग बंद. मालकानं मेसेजची ती रांग पाहिली आणि अब्बांना कामावरून काढलं.

मी तणतणत सरांकडे गेले. ते शांत. "आधी दुरुस्त कर. मग दोघं जाऊन मालकांना समजावू." मला पटलं. चुकीचा कोड तसाच राहिला की मला चैन पडत नाही. मी तो नीट केला आणि कारखान्यातल्या फोनवर चढवलाही.

मग मालकांसमोर एक माग बंद करायला लावला, तोच फोन आडवा केला, उभा केला.

"एकच मेसेज आला की," मालक म्हणाले. "म्हणजे खाजाभाईंचा माग खरंच तितक्यांदा बंद पडला."

"हे आज दुरुस्त केलंय. जुनं परत घालून दाखवते."

मालकांनी सरांकडे पाहिलं. सरांना मालकांच्या दुसऱ्या कारखान्याचं कामही हवं होतं.

"ॲप पहिल्यापासून बरोबर आहे, साहेब. खाजाभाई हिचे वडील. पोरीचा जीव तुटतोय, एवढंच."

मालक माझ्याकडे दयेनं बघायला लागले. त्या दयेची मला शिसारी आली.

घरी आले तर अब्बा दारातच उभे होते. "मालिक को दिखाई क्या, बेटा?"

"दिखाई."

मी आत गेले.

सकाळी सरांनी काम दिलं: ॲपमधल्या कामगारांच्या यादीतून खाजाभाईंचं नाव काढ. घरात आता माझाच पगार होता. मी नाव काढलं. स्क्रीन लगेच नव्यानं रंगली, अब्बांच्या मागापुढची जागा रिकामी. कुणाला मेसेज गेला नाही. ती दुरुस्ती मी अगदी नीट केली होती.