शिवणाऱ्या पायाखालचा लाल दिवा

मी एक जुना फूट कंट्रोलर आहे आणि मित्रांनो, मी कधीच बिघडलेलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ‘बिघडलाय’ हा शब्द ऐकण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं.

फूट कंट्रोलर म्हणजे पायाने दाबायची पत्र्याची पेटी. मला पाच बटणं आणि प्रत्येक बटणाशेजारी एक लाल दिवा. मी आवाज काढत नाही. बटण दाबलं की वायरीतून कॉम्प्युटरला निरोप धाडतो. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. निरोप मिळाला की कॉम्प्युटर गाणाऱ्याची ओळ टिपून घेतो आणि तीच पुन्हापुन्हा वाजवत राहतो. फिरत राहणाऱ्या या ओळीला लूप म्हणतात. तिच्यावर दुसरी ओळ गायची, म्हणजे एकटं माणूस स्वतःलाच साथ देतं.

कारखान्यात माझं सेटिंग असं ठेवलं होतं: बटण दाबून धरलं की टिपणं चालू, सोडलं की बंद. टिपणं चालू असेतो बटणाशेजारचा दिवा जळत राहतो. पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर हे छापलं होतं. पण माझा पहिला मालक, एक गिटारवाला, त्याने ती पुस्तिका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. मग तो बटणावर पायाने टिचकी मारायचा. चालू होताच बंद. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. शेवटी त्याने लाथ घातली. माझा डावा कोपरा आजही चेपलेला आहे. “डबा आहे नुसता,” म्हणाला, आणि कोटाची बाही आखूड करायला आला तेव्हा मला शिवणकामाच्या दुकानात टाकून गेला.

ते दुकान दोन बहिणींचं. समोरासमोर दोन मशिनी, मध्ये चिंध्यांचा ढीग. शिवता शिवता दोघी गायच्या. थोरली खालच्या सुरात, धाकटी वरच्या. वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांची जोडी दरवर्षी ठरलेली. पण त्या वर्षी थोरलीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, उरली कुजबुज.

वाचनालयाचे चिटणीस पॅन्ट न्यायला आले आणि उभ्या उभ्या बोलून गेले, “जोडी नाही तर नाव काढतो. एकटीचं काय ऐकायचं?”

थोरली खाली मान घालून सुई ओवत राहिली. दोरा काही सुईत जाईना. धाकटी मात्र भडकली. “नाव राहू द्या. जोडीच येईल!”

धाकटीचा नवरा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने मला चिंध्यांखालून ओढून काढलं. माइक लावला, स्पीकर लावला, कॉम्प्युटरला माझी बटणं एकेक करून ओळखायला शिकवली. पहिलं टिपायला, दुसरं पुसायला. आवाज उशिरा येत होता, तेही जुळवलं. माणूस हुशार, पण घाईचा. त्याने टिचकी मारली. चालू, बंद. “मेलाय हा,” म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

धाकटीने सहज बटणावर पाय ठेवला. वीस वर्षं मशिनीच्या पायडलवर बसलेला पाय तो. त्याला टिचकी ठाऊकच नाही. तिने पाय दाबून ठेवला, अख्खी ओळ गायली, पाय उचलला. आणि तिचीच ओळ स्पीकरमधून परत आली.

“ताई! अगं ताई, ऐकलंस?”

थोरली उठून जवळ आली. कुजबुजली, “आधी खालचा सूर टीप. माझा.”

तीन आठवडे सराव चालला. नवरा येता-जाता टोकायचा, “अगं, असा पाय ठेवून कोण बसतं? जगात सगळे टिचकी मारतात.”

“मग जगाला सांगा मशीन चालवायला!” धाकटी म्हणायची.

कार्यक्रमाच्या दुपारी त्यानेच मला स्टेजवर मांडलं, आणि बायकोचं भलं करायचं म्हणून माझं सेटिंग टिचकीवर करून टाकलं. एक टिचकी चालू, दुसरी बंद. कोणाला सांगितलं नाही, विचारलं तर नाहीच. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पण मी ओरडणार कशाने? माझ्याकडे फक्त दिवा.

धाकटीने पाय दाबला, थोरलीची ओळ गायली, पाय उचलला. ओळ परत येईना. माझा लाल दिवा जळतच राहिला. ती थांबली, खाकरली, “अहो, काय झालं?” म्हणाली. घाबरून तिने पुन्हा पाय दाबला, तसं ओळीसकट ते खाकरणं आणि ते ‘अहो’ स्पीकरमधून गोल गोल फिरायला लागलं. लोक खो खो हसले. चिटणीस घड्याळ बघत पडद्याच्या दोरीकडे निघाले.

पहिल्या रांगेतून थोरली उठली. पाय उचलल्यावरही माझा दिवा जळत होता, ते तिने पाहिलं होतं. घरात तीन आठवडे ‘टिचकी’ ऐकून तिचे कान किटले होते. ती स्टेजवर आली, चप्पल काढली आणि धाकटीच्या कानाशी कुजबुजली, “हा टिचकीवर केलाय कोणीतरी. तू गा. पाय माझा.”

तिने दुसऱ्या बटणाने सगळं पुसलं. मग पहिल्यावर एक टिचकी. धाकटी खालच्या सुरात गायली, आणि ओळ संपता क्षणी थोरलीची दुसरी टिचकी. हा ताल तिचाच होता, गळ्याबरोबर गेला नव्हता. सूर फिरू लागला आणि त्याच्यावर धाकटीने आपला सूर चढवला. हसणारे पुढे सरकून ऐकू लागले. चिटणिसांनी हातात घेतलेली पडद्याची दोरी न ओढताच सोडून दिली.

आता मी दोन मशिनींच्या मधे असतो. नवरा परवा पुन्हा सेटिंग बदलायला वाकला, तेव्हा थोरली कुजबुजली, “हात लावू नका.” एवढ्या हळू आवाजातली इतकी कडक दटावणी मी दुसरी ऐकलेली नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, वायर मुडपू नका, पुस्तिका टेबलाखाली घालू नका. आणि कोणाचा पाय वेगळा पडतो म्हणून त्याला न विचारता सुधारायला जाऊ नका. माझा दिवा आत्ताही लुकलुकतोय. थोरली चप्पल काढते आहे.