मचाणावरची उलटी खुर्ची

चष्मेवाल्यांना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. चाळिशी लागलेल्या अर्ध्या वस्तीच्या नाकावर त्यांनीच चष्मे चढवले होते. उतारवयात त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला, आणि घरामागच्या रिकाम्या जागेतल्या मोठ्या झाडावर हळद्याच्या जोडीनं घरटं बांधलं तेव्हा तर गडी नुसता हवेत होता. पण घरटं उंच. खालून फोटो काढावा तर घरट्याचं नुसतं बूड दिसे. शेवटी त्यांनी मेहुण्याला गळ घातली. मेहुणा इमारतींना परांच्या बांधायचा. त्यानं झाडापासून अंतर राखून लोखंडी नळ्यांचं मचाण उभं केलं, तेही रोज थोडं थोडं चढवत, पाखरं बिचकू नयेत म्हणून. वर फळ्या, भोवती मातकट कापड, घरट्याच्या बाजूला भिंगापुरती फट, मागे चढायला शिडी आणि पडदा. आत एक घडीची खुर्ची.

दुकान उघडण्याआधी चष्मेवाले तिथं बसत. फोटो मिळत, पण प्रत्येकात मादी मान ताठ करून थेट भिंगाकडे बघत असे, जणू कुणी दारात उभं राहून वर्गणी मागतंय.

एके सकाळी ते वर गेले तर खुर्ची उलटी. म्हणजे पालथी नव्हे. तिची पाठ घरट्याकडे आणि तोंड मागच्या पडद्याकडे. आपणच उतरताना फिरवली असेल, असं म्हणून त्यांनी ती सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय पडद्याची दोरी. ते स्वतः कशीबशी गुंडाळत. ही कुणीतरी नीट फुलगाठ मारून बांधलेली.

चष्मेवाले चक्रावले. कॅमेऱ्याचा स्टँड जागेवर होता, म्हणजे चोर नाही. पोरं असती तर नासधूस झाली असती. पक्षी बघायला कुणी येत असेल म्हणावं, तर पक्ष्यांकडे पाठ करून कोण बसेल? त्या बाजूला होतं काय, तर पाण्याच्या टाक्या, छपरं आणि वाळत घातलेल्या चादरी. त्यांनी स्वतः तसं बसून पाहिलं. काहीच कळलं नाही.

मेहुण्याला विचारलं, तर तो हसला. म्हणाला, उंचावर चढायचे मी पैसे घेतो भाऊजी, फुकट कशाला बसू? बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, वाऱ्यानं फिरली असेल. वाऱ्यानं फुलगाठ कशी मारली, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

मग एका दुपारी ते दुकानातून लवकर परतले. बॅटरी चार्ज करायची होती आणि ती कॅमेऱ्यासकट वरच राहिली होती. शिडी चढून त्यांनी पडदा सारला आणि समोर त्यांची बायको. खुर्चीत, चपला काढून, हात मांडीवर ठेवून बसलेली. गुडघे धरतात म्हणून जी घराचा जिनासुद्धा दिवसातून एकदाच चढायची, ती.

त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच: "गुडघ्यांचं काय?"

"दुखतात," ती म्हणाली. तिनं खुर्ची सरकवून त्यांना फळीवर जागा करून दिली.

"इथं काय करतेस?"

"काही नाही."

"पण पक्षी त्या बाजूला आहेत."

"माहीत आहे मला. तिच्याकडे सकाळभर तुम्ही बघता. दुपारी तरी तिला कुणी बघू नये." मग ती म्हणाली, "आणि घरातनं मारलेली हाक इथवर येत नाही."

घरात हाका कोण मारतं, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चहा, रुमाल, आज कोण आलं होतं, ती पावती कुठंय... ते फळीवर बसले. एवढ्यात मादी आली, चोचीत अळी घेऊन. पिल्लांनी लाल चोची वासल्या. तिनं एकदाही मचाणाकडे मान वळवली नाही. कॅमेरा बायकोच्या खुर्चीमागे होता. तिला ऊठ म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. फोटो राहिला.

"मी जाऊ खाली?" त्यांनी विचारलं. विचारून झाल्यावर त्यांनाच नवल वाटलं.

"जा. मी येते मागनं."

बॅटरी घेतली की नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. घरात शिरले तोच लग्न होऊन गेलेल्या लेकीचा फोन. आई फोन उचलत नाही, कुठं गेलीय म्हणून.

"बाहेर."

"कुठं बाहेर?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मचाण समोर दिसत होतं. "काही बोलली नाही," ते म्हणाले. आयुष्यात गिऱ्हाईकाला चुकीचा नंबर न सांगितलेला माणूस लेकीशी सरळ खोटं बोलला, आणि का बोललो याचा त्याला पत्ता नव्हता.

लेक म्हणाली, बरं, मग तुम्हीच बघा, माझे शाळेतले दाखले कुठं ठेवलेत. त्यांनी एक कपाट उघडलं, मग दुसरं. एकात शिवणाचं सामान, दुसऱ्यात कसल्या तरी बरण्या. "सापडले का बाबा?" लेक विचारत राहिली. "थांब, शोधतोय," म्हणत चष्मेवाले तिसरं दार उघडून उभे राहिले. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर ओढला, तरी समोर काय काय आहे ते त्यांना कळेना.