आर्बूज लिहिलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. नारायण पेठेतल्या एका माडीवर मंदाकिनीबाई रशियन शिकवत. त्यांच्यासाठीच एका सुताराने मला घडवले. तेव्हा वर्गात बसायला जागा पुरत नसे. मॉस्कोला शिकायला जायचे स्वप्न घेऊन मुले येत. धम्मदीप त्यांतलाच. त्याची तिकडच्या कॉलेजासाठी निवडही झाली होती.

मग सोव्हिएत संघ फुटला. धम्मदीपचे जाणे रद्द झाले. एकेक करून मुले संगणकाकडे वळली. शेवटी तो एकटाच उरला.

एके दिवशी तो म्हणाला, "बाई, तो देशच राहिला नाही. आता त्याची भाषा शिकून काय करू?"

बाईंनी माझ्यावर 'खरबूज' लिहिले. खाली लिहिले, 'आर्बूज'.

"शब्द फारसीतला. आपल्याकडे आला, तसाच तुर्की बोलींतून रशियात गेला. वाटेत 'ख' गळला आणि फळही बदललं. आर्बूज म्हणजे आपलं कलिंगड! शेजारचे युक्रेनी त्याला 'कावून' म्हणतात. तो शब्द मात्र मुळातच तुर्की. किती राज्यं बुडाली, पण बाजारात माणसं बोलत राहिली, म्हणून नावं टिकली."

धम्मदीप खाली बघत म्हणाला, "पण बाई, घरी मीच मोठा आहे. मला नोकरी हवीय."

 बाईंनी हातातला खडू ठेवला. "चल," म्हणाल्या, आणि स्वतः त्याला यज्ञेश्वर सरांच्या संगणक वर्गात घेऊन गेल्या. परत येऊन त्या रिकाम्या बाकांसमोर बराच वेळ बसून होत्या. मी पाहिले आहे.

पुढे माडीही यज्ञेश्वर सरांनीच घेतली. मला जिन्यात टांगले. माझ्यावर रंगाने लिहिले, 'चपला इथेच काढा. पुन्हा सांगणार नाही.' बारा-तेरा वर्षे माझ्याकडे कोणी वर पाहिले नाही. सगळे पायांकडेच पाहत.

एका दुपारी एक गृहस्थ आले. गळ्यात हिंजवडीच्या कंपनीचे ओळखपत्र होते. तो धम्मदीप होता. जिन्यातच त्याला यज्ञेश्वर सर भेटले.

"सर, कंपनीने मला मॉस्कोच्या कामावर घेतलंय. रशियन येतं म्हणून. बाईंना सांगायला आलो. कुठे असतात त्या?"

"अहो, बाई गेल्या. मागच्या दिवाळीत. शेवटपर्यंत विचारायच्या, धम्मदीप काय करतो?"

त्याने माझ्या चौकटीवर हात ठेवला. 

मित्रांनो, मी लाकडाचा. माझा रंग खरवडून मला पुन्हा काळा करता येईल. पण गेलेले माणूस परत येत नाही. ज्यांनी तुम्हाला शिकवले, ती माणसे वाट पाहत आहेत. त्यांना आजच भेटा.