फियाटचं मरून कार्पेट

सहदेव पावरहाऊसमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण भिवपुरीच्या आसपास लोक त्याला अजून 'फियाटवाला' म्हणूनच ओळखत. गावातल्या कितीतरी नवऱ्या त्याच्याच गाडीतून मांडवात उतरल्या होत्या. गाडीचं इंजिन अजून सुरात होतं, पत्रा धड होता. कार्पेटनं मात्र मान टाकली होती. मूळचा गडद मरून रंग उन्हानं विटून पार चहाच्या चोथ्यासारखा झाला होता.

त्याचा एकुलता एक मुलगा नीलेश लग्नानंतर शेलूला फ्लॅटमध्ये राहायला गेला. मध्ये नेरळ तेवढं आडवं, तरी तो यायचा सणावारीच. म्हणून शिमगा झाल्यावर एका रविवारी तो आपणहून आला आणि थेट गाडीचं दार उघडून आत वाकला, तेव्हा सहदेवला नवलच वाटलं.

"बाबा, हे कार्पेट करायला पायजे."

"लोधिवलीला एक सीटवाला हाय. तो म्हणतो, उपटून टाका, नवं बसवतो."

"नको. हाय तेच रंगवू. असलं कार्पेट आता मिळत नाय."

सहदेवला भरून आलं. हाच पोरगा कॉलेजात असताना या गाडीला डबा म्हणायचा.

मग रविवारमागून रविवार नीलेश बाइकवरून येऊ लागला. बापलेकांनी सीटा काढल्या, कार्पेटचे तुकडे जपून सोडवले, साबणानं धुऊन पडवीत वाळत घातले. रंग कुरिअरनं आला. पहिला हात फारच भडक बसला, तेव्हा सहदेवनं रंग पातळ केला आणि ब्रश लव असेल त्या बाजूनंच फिरवायचा हे पोराला दाखवलं. नीलेश तुकडा ताणून धरायचा, सहदेव ब्रश मारायचा. दोघांचे हात बघून सहदेवची बायको सुंदरा हसायची, "बीट चिरलंत का काय दोघांनी?"

काम करता करता नीलेश खोदून खोदून विचारायचा. गाडी कुणाकडून घेतली? कुठं ठोकली होती का? सहदेव खुशीनं सांगायचा. एकदा तर त्यानं सुंदराला कळा सुरू झाल्यावर भर पावसात खोपोलीचा दवाखाना कसा गाठला, तेही सांगितलं. "आणखी थोडा उशीर झाला असता, तर तू मागच्या सीटवरच जन्मला असतास रं!" हे बाहेरच्या कुणाला त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

कार्पेट पुन्हा जागच्या जागी बसलं त्या रविवारी अंगणात एक टॅक्सी येऊन थांबली. "पुण्याची प्राची. ओळखीची हाय, फियाट बघायला आलीय," नीलेश म्हणाला. तिला जुन्या गाड्यांचा शौक होता. तिनं वाकून कार्पेटवरून तळहात फिरवला.

"वा! नीलेश, दिवाळीत तू फोटो पाठवलेस तेव्हा वाटलं नव्हतं. मी म्हटलं होतं ना, मूळचं कार्पेट नीट करून दे, मग गाडी नेते." मग सहदेवकडे वळून ती हसली, "आणि काका, ती खोपोलीच्या दवाखान्याची गोष्ट! नीलेशनं लिहून पाठवली, ती वाचूनच माझं नक्की झालं."

 सहदेवचा चेहरा बघून प्राचीनं हात मागे घेतला.

"काका, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"बाबा, सांगणारच होतो," नीलेश घाईघाईनं म्हणाला. "तुमच्या गुडघ्यानं आता क्लच दाबवत नाय. उभी राहून सडेल गाडी."

"मग विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाय म्हणाला असतात."

"नसतो म्हणालो." सहदेवचा आवाज चढला नाही. "मागितली असतीस तर चावी काढून हातात दिली असती. त्यासाठी एवढे रविवार कशाला येत बसलास रं?"

 तेवढ्यात सुंदरा चहा घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये कपाटातल्या, खास पाहुण्यांसाठीच निघणाऱ्या कपबशा होत्या. पाहुणी येणार म्हणून त्या आधीच धुऊन ठेवलेल्या. सहदेवनं कपांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तुला म्हाईत होतं?"

"मागल्या आठवड्यात बोलला तो." तिनं ट्रे पडवीत टेकवला. "तुमी एवढे खुशीत होता... माझं तोंडच उघडलं नाय."

सहदेव आत गेला, कागद आणि चावी घेऊन आला आणि प्राचीच्या हातात ठेवली.

"राहू द्या काका. मी नंतर येते, नीट विचार करा."

"गाडीत काय खोट नाय. बिनघोर न्या."

प्राचीला घेऊन फियाट वळणाआड गेली. नीलेशनं सुटकेचा श्वास टाकला. "येतो बाबा पुढच्या रविवारी."

"आता काय काम हाय?"

तरी तो आला. त्याच्या बाइकचा आवाज वळणावर ऐकू आला, तसा सहदेवनं चपला घातल्या आणि मागच्या दारानं शेताच्या बांधावरून कालव्याकडे चालू लागला. तिथं तो पाण्यात पाय सोडून बसला. खिशात सुंदराचा फोन वाजून वाजून बंद झाला, त्यानं उचलला नाही. ऊन कलल्यावर बाइक परत गेल्याचा आवाज आला, तेव्हाच तो उठला.

घरी ताट झाकून ठेवलं होतं. "पोरगं जेवलं नाय तुमच्यावाचून," सुंदरा म्हणाली. "किती वाट बघितली त्यानं."

"मला सवय हाय वाट बघायची. त्यालाबी होईल," सहदेव म्हणाला आणि तिच्याकडे न बघता जेवायला बसला.